आवाजाला सेक्टर नसतो

सिडको १९७० साली स्थापन झाली आणि तिने खाडीपलीकडच्या भातशेतांवर नि खाजणांवर एक अख्खं शहर कागदावर आखलं. नोड ठरले, नोडांचे सेक्टर पडले, सेक्टरांत प्लॉट पडले. शाळेला जागा, बाजाराला जागा, स्मशानाला जागा, भरतीचं पाणी शहरात शिरू नये म्हणून होल्डिंग पाँडलासुद्धा जागा. नकाशात बसला नाही तो फक्त आवाज. आम्ही नेरुळच्या एका सेक्टरात राहतो, पण तो कुरियर येण्यापुरता. कानाचा हिशेब धरला तर आम्ही एकाच संध्याकाळी शेजारच्या गावठाणातल्या हळदीला, समोरच्या इमारतीत कुणीतरी काढलेल्या टाइल्स फोडण्याच्या कामाला, मागच्या टर्फवरच्या क्रिकेटला आणि हार्बरच्या गाडीच्या भोंग्याला असे सगळीकडे हजर असतो. आहेर कुठेच द्यावा लागत नाही, एवढंच समाधान.

अशा घरात चिरंजीवांनी जाहीर केलं की त्यांना वायरलेस गेमिंग हेडसेट घ्यायचाय, आणि घेण्याआधी त्याचा साउंड आणि माइक नीट पारखायचाय. साउंडबद्दल माझी काही तक्रार नाही. तो ज्याच्या कानात त्याच्या कानात. माइकची गोष्ट निराळी. चिरंजीव व्हॅलोरंट खेळतात, त्यात पाच जणांचा संघ असतो, आणि या संघातले बाकीचे चौघे गुवाहाटी, भोपाळ, कोची आणि कल्याण इथे राहतात. म्हणजे माइकमधून आमचं घर एकाच वेळी चार गावांत पोचतं. त्यातलं कल्याण तर नात्यातलंच.

परदेशात या पारखीसाठी प्रयोगशाळा आहेत. तिथे हेडसेट माणसाच्या डोक्यावर चढवत नाहीत, त्यासाठी बनवलेलं एक डोकं असतं. त्याला रबरी कान, कानाच्या आत माणसाच्या मापाची नळी आणि नळीच्या टोकाला माइक. डेन्मार्कच्या ब्रुएल अँड केअर कंपनीचं ५१२८ नावाचं डोकं या क्षेत्रात मानाचं समजलं जातं. ते शांत खोलीत बसतं, जे कानावर पडेल ते मुकाट्याने ऐकून घेतं, मत देत नाही, फक्त आलेख देतं. हे वर्णन मी घरात वाचून दाखवलं तेव्हा बायकोने विचारलं, किंमत काय असेल त्याची?

पण त्या डोक्याला चष्मा नाही. चष्म्याची काडी कान आणि हेडसेटची गादी यांच्यामध्ये बारीकशी फट पाडते, आणि त्या फटीतून सगळ्यात आधी पळतो तो बेस. म्हणून तोच हेडसेट माझ्या मुलाला दणदणीत वाटतो आणि मला आजारी. त्या डोक्याला खोबरेल तेलही लावलेलं नसतं, आणि त्याने नवी मुंबईतला पावसाळा काढलेला नसतो. या गाद्यांवरचं चामडं बहुतेक वेळा पॉलियुरेथेनचं असतं, आणि दमट हवेत पाण्याच्या वाफेनेच त्याची वीण सुटते. दोन पावसाळे झाले की पापुद्रे निघायला लागतात. आधीच्या हेडसेटच्या शेवटच्या दिवसांत नातवाच्या कानामागे काळे कण बघून आजीने न विचारता उटणं कालवलं होतं. एकाही परदेशी परीक्षणात हा मुद्दा मी वाचलेला नाही.

तेव्हा दुकानात जाऊन ऐकणं आलं. वाशी स्टेशनच्या आसपास मॉलांमध्ये अशी दुकानं आहेत, आणि तिथल्या विक्रेत्यांच्या शब्दकोशात ध्वनिशास्त्राचा एकच शब्द आहे: बेस. “काका, बेस बघा.” मी म्हटलं, आवाज स्पष्ट आहे का? “बेस बघा ना काका.” मग त्याने त्याच्या मोबाइलवर त्याचं ठरलेलं गाणं लावलं. या गाण्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत कुणीतरी गोदामाचा दरवाजा आपटत असतं. शेजारच्या दुकानातल्या स्पीकरवरही तेच गाणं चालू होतं, पण वेगळ्या कडव्यावर. त्या परिस्थितीत हेडसेट कानावर ठेवून मी जी मान हलवली, ती केवळ संस्कारामुळे.

खोक्यावर आकडे असतात, तेही वाचून पाहिले. २० हर्ट्झ ते २०,००० हर्ट्झ. दीड हजारांच्या खोक्यावर हेच आणि पंधरा हजारांच्या खोक्यावरही हेच. वास्तविक हा माणसाच्या तरुण कानाचा आवाका झाला. हेडसेट त्या पट्ट्यात कुठे किंचाळतो आणि कुठे तोंडातल्या तोंडात बोलतो, हे त्या आकड्यांतून कळायचा मार्ग नाही. शिवाय वय वाढतं तसे वरचे स्वर कान आपणहून सोडून देतो. पन्नाशीच्या माणसाने हेडसेटचे पूर्ण पैसे भरायचे आणि वरचे काही हजार हर्ट्झ दुकानदारालाच परत करून यायचे, असा हा व्यवहार आहे. दुसरा आकडा ७.१. म्हणजे आजूबाजूला सात स्पीकर आणि बेसचा एक, असे आठ. आत पाहिलं तर डावा एक, उजवा एक. बाकीचे सहा सॉफ्टवेअर भासवतं. विक्रेत्याला मी हे विचारलं. तो म्हणाला, “पण लाइट आहेत ना काका.” लाइट खरेच होते. दोन्ही कानांवर सप्तरंगी, फिरते. ज्याने पैसे दिले त्याला हेडसेट घातल्यावर ते कधीच दिसत नाहीत. हल्ली ऐरोली-महापेच्या कंपन्यांतले, घरून काम करणारे बापे मुलांचे हे हेडसेट घालून मीटिंगला बसतात, आणि तिमाहीचा ताळेबंद मांडताना त्यांच्या कानांवर हळदीचा मांडव चमकत असतो.

आता गेमसाठी साउंड चांगला म्हणजे नेमकं काय? चिरंजीवांचं उत्तर एका शब्दात होतं: पावलं. व्हॅलोरंटमध्ये शत्रू पळाला तर त्याची पावलं ऐकू येतात, शिफ्ट दाबून हळू चालला तर येत नाहीत. कोणत्या बाजूने, किती लांबून, लाकडावरून की लोखंडावरून, हे ज्याला आधी कळलं तो जगला. डावीकडचा आवाज आपल्या उजव्या कानात पोचायला फार तर ०.७ मिलीसेकंद उशीर होतो, आणि एवढ्याशा फरकावर मेंदू दिशा ओळखतो. समोर आणि मागे यांत मात्र दोन्ही कानांना एकाच वेळी आवाज पोचतो. तिथे कानाच्या पाळीचे वळसे कामाला येतात, आणि तरी कळलं नाही तर माणूस मान वळवून बघतो. हेडसेटमध्ये मान वळवून उपयोग नसतो, अख्खं रणांगण मानेबरोबर वळतं. म्हणून समोरचा शत्रू मागे आहे असं वाटून पाठ फिरवणारे वीर या खेळात पुष्कळ.

परत करायच्या बोलीवर एक हेडसेट आम्ही घरी आणला होता. हे सगळं तो मला समजावत होता तेव्हा आजी ऐकत होती. आजीची पिढी आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरच्या श्रुतिकांवर वाढली. तेव्हा एकच रेडिओ, त्यात एकच स्पीकर, आणि त्यातून जिन्यावरची पावलं आली की आजी, माझ्या आठवणीत तरी, दुसऱ्या प्रसंगातच खुनी कोण ते सांगून मोकळी व्हायची. नारळाच्या करवंट्या आपटून स्टुडिओत घोडे पळवत, हे ठाऊक असूनही तिचा घोड्यांवर विश्वास होता. तर परीक्षणात अनुभवी कान असावा म्हणून आम्ही तिचं श्रवणयंत्र काढून हेडसेट चढवला आणि मुलाने आवाज वाढवून गेम सुरू केला. आजी थोडा वेळ डोळे मिटून बसली. मग उजवीकडे बोट दाखवून म्हणाली, “बूट घालून घरात फिरतोय मेला. कोण आहे तो?”

दिशा बरोबर होती. साउंडची परीक्षा तिथे संपली असं मी मानतो.

वायरलेसमधला ‘लेस’ मात्र वाटतो तितका सरळ नाही. यातले बहुतेक हेडसेट संगणकाला खोचायच्या छोट्या डोंगलशी २.४ गिगाहर्ट्झवर बोलतात. हा पट्टा सगळ्यांसाठी मोकळा. त्यामुळे वायफाय त्यातच, ब्लूटूथ त्यातच, वायरलेस माउस त्यातच, आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही साधारण २.४५ गिगाहर्ट्झवर पोहे गरम करतो. मुलाने एकदा वायफायची यादी उघडून दाखवली. सोसायटीतल्या झाडून सगळ्या आडनावांची हजेरी होती, शिवाय एक ‘पासवर्ड मागू नये’. एवढ्या सगळ्यांत एकमेकांना न खेटणारे चॅनल तीनच. म्हणजे हार्बरच्या गाडीतलं तिघांचं बाकडं. डोंगलला मिळते ती चौथी सीट. अर्धं बूड टेकवायचं, कुणी हललं की सरकायचं, आणि तरीही पनवेलपर्यंत बसून आलो असं सांगायचं. चांगला डोंगल हे सरकणं इतक्या सफाईने करतो की ऐकणाऱ्याला कळत नाही. वाईट डोंगल संगणकाच्या मागे, टेबलाखाली, भिंतीकडे तोंड करून खोचलेला असतो. तो पुढे आणून ठेवला की निम्म्या तक्रारी मिटतात, हे शंभर परीक्षणांतून मिळालेलं एकमेव कामाचं ज्ञान. उरलेल्या तक्रारी कुणी पोहे गरम करताना येतात.

ब्लूटूथवर चालवलं तर काय, हा प्रश्न मी स्वस्ताईच्या दृष्टीने विचारला. त्यातली गोम अशी की जुन्या पद्धतीचं ब्लूटूथ एकतर गोड ऐकवतं, नाहीतर बोलू देतं. माइक सुरू केला की ते हँड्सफ्रीच्या रीतीवर उतरतं, आणि मघाशी दोन्ही कानांत पसरलेलं संगीत एकदम एकाच नळीतून यायला लागतं. लता मंगेशकरसुद्धा ‘पुढील स्थानक जुईनगर’ म्हणतेय असं वाटतं. एलई ऑडिओ नावाची नवी पद्धत यावर उतारा आहे, पण त्यासाठी हेडसेट, संगणक आणि नशीब तिन्ही नवं लागतं.

शिवाय उशीर. डोंगलवर आवाज वीसतीस मिलीसेकंदांत येतो, साध्या ब्लूटूथवर दीडदोनशे सहज लागतात. एवढ्याने काय बिघडतं, असं मी विचारल्यावर मुलगा म्हणाला, “बाबा, आधी मी मरतो, मग मला गोळी ऐकू येते.”

हे मला पटलं, कारण उशीर काय चीज आहे ते नेरुळकरांना २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री कळलेलं आहे. महिला विश्वचषकाचा अंतिम सामना आमच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर होता. पावसाने दोन तास खाल्ले, त्यामुळे सामना मध्यरात्रीपर्यंत लांबला. आम्ही घरात मोबाइलवर बघत होतो. मोबाइलवर दीप्ती शर्मा अजून चेंडू हातात घेऊन परत चालली होती, आणि बाल्कनीतून अशी काही गर्जना आली की कबुतरं उडाली. स्टेडियमपासून आमच्या घरापर्यंतचा आवाज हवेतून, सेकंदाला साधारण साडेतीनशे मीटरने, पायी पायी आला होता. चित्र उपग्रह, सर्व्हर आणि फायबर असा थाटाचा प्रवास करत मागून येत होतं. पुढे बऱ्याच वेळाने दीप्तीने चेंडू टाकला, हरमनप्रीतने मागे पळत झेल घेतला, भारत ५२ धावांनी जिंकला, आणि आम्ही नाचायचं ते आधीच नाचून दमलो होतो. खालच्या मजल्यावरच्यांचं इंटरनेट आणखी धिमं. त्यांच्याकडे दक्षिण आफ्रिका त्यानंतरही थोडा वेळ झुंजत होती.

असो. माइकवर येतो.

माइक तपासण्याची आपली एक परंपरा आहे. आधी दोन टिचक्या, मग फुंकर, मग ‘हॅलो हॅलो’. गणपतीच्या मांडवात ज्याला काही बोलायचं नसतं तोच माइक तपासतो, आणि ज्याला बोलायचं असतं तो माइक बंद असताना पहिलं वाक्य बोलून टाकतो. वाशीच्या विक्रेत्यानेही हेडसेटच्या माइकवर आधी फुंकरच मारली. यातले पुष्कळसे माइक इलेक्ट्रेट जातीचे असतात. बेल लॅब्जमध्ये जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेस्लर यांनी १९६२ साली तो शोधला. आत एक अतिशय पातळ पडदा असतो, आणि तो श्वासागणिक हलावा म्हणून त्या दोघांनी डोकं खपवलं. त्याच्यावर फुंकर मारून कळतं ते एवढंच की माइकला फुंकर ऐकू येते.

खरी परीक्षा वाक्यांनी घ्यायची. इंग्रजीत त्यासाठी हार्वर्ड वाक्यं म्हणून ७२० वाक्यांची यादी आहे, ती १९६९ पासून जगभर वापरतात. पण त्यांच्यावर पास झालेला माइक मराठीत पास होईलच असं नाही, कारण मराठी बोलताना तोंडातून हवा फार बाहेर पडते. ख, घ, ठ, ढ, फ, भ, प्रत्येकाबरोबर एकेक झोत. माइक तोंडासमोर धरला की त्या प्रत्येक झोताचा स्फोट होतो. म्हणून आम्ही घरगुती वाक्यं तयार केली. स्फोटांसाठी: “भाऊ, फाटकापाशी फणसवाला थांबलाय, धावत ये.” शिट्टीसारख्या स-श साठी: “सोसायटीच्या सचिवांनी सांगितलंय, शनिवारी सकाळी शून्य पाणी.” हे दुसरं वाक्य मुलाने इतक्या पोटतिडकीने म्हटलं की स्वयंपाकघरातून पिंप भरल्याचा आवाज आला. माइक तोंडासमोर न धरता ओठांच्या कोपऱ्याशी, किंचित खाली घेतला की स्फोट थांबले. फुकटातला उपाय आहे, म्हणून कुठल्याच खोक्यावर लिहिलेला नसतो.

पण मुलगा ओरडत होता तो ओरडतच राहिला. याची पार्श्वभूमी अशी. बंद गाद्यांचा हेडसेट घातला की माणसाला स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही, आणि आवाज ऐकू आला नाही की तो चढवून बोलतो. लोंबार नावाच्या फ्रेंच कानतज्ज्ञाने १९११ साली हे नोंदवलं, म्हणून याला लोंबार परिणाम म्हणतात. जुन्या टेलिफोनमध्ये आपला आवाज आपल्याच रिसीव्हरमधून थोडासा परत येत असे, त्याला साइडटोन म्हणतात. तरीही आमचे आजोबा ट्रंक कॉलवर अंतराप्रमाणे आवाज लावत: दादरला साधा, पुण्याला वरच्या पट्टीत, आणि नागपूरला गच्चीवर जाऊन बोलले असते तरी चाललं असतं इतका. चांगल्या हेडसेटमध्ये साइडटोनची सोय असते. ती शोधून, वाढवून दिली की मुलाचा आवाज माणसात येतो. मी तर म्हणेन, आईबापांनी हेडसेट घेताना फक्त एवढंच विचारावं. बेस गेला खड्ड्यात.

घरात गोंगाट असला की दुसरीकडून व्हॉल्यूमही चढतो. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा की ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास चालतात, ९० डेसिबलला फक्त ४. आपल्याकडे २००० सालच्या नियमांनी निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातलेली आहे. टाइल्स फोडणाऱ्याने ही अधिसूचना वाचलेली दिसत नाही. वरच्या मजल्यावर रात्री बाराला गोट्या खेळणाऱ्यांनीही नाही. (त्यांच्या घरात लहान मूल नाही, गोट्या नाहीत, तरी गोट्यांचा आवाज येतो. हे कोडं भारतातल्या यच्चयावत इमारतींत आहे आणि त्यावर कुणी पीएचडी का करत नाही कळत नाही.)

आणि इथे नव्या हेडसेटची मुख्य करामत येते: नॉइज सप्रेशन. आधी हे साधं गणित होतं. पंखा, एसी, मिक्सर असा एकसुरी आवाज ओळखायचा आणि वजा करायचा. आता त्यासाठी माणसांच्या बोलण्याचे नि गोंगाटाचे ढीगभर नमुने ऐकवून तयार केलेलं न्यूरल नेटवर्क असतं. ते प्रत्येक आवाजाला दारात अडवून विचारतं, तू माणूस आहेस का? माणूस नसेल तर बाहेर. मुलाने रेकॉर्डिंग करून ऐकवलं. टाइल्स फोडण्याचा आवाज साफ गेला. मिक्सर गेला. गोट्या गेल्या. गावठाणातल्या हळदीचा डीजे जवळजवळ गेला, आणि ज्यांनी आगरी हळद ऐकली आहे त्यांना हे यश केवढं आहे ते सांगायला नको. मी भारावलो.

पण दारवानाची अट एकच आहे, माणूस. भंगारवाल्याच्या हातगाडीवरचा रेकॉर्ड केलेला आवाज माणसाचाच, तो सन्मानाने आत सोडला गेला. आजीचं खोकणं माणसाचं असून गाळलं गेलं, आणि लगेच पुढची “औषध दिलं का रे?” ही हाक खणखणीत गेली. संध्याकाळच्या आरतीत तर त्याने कहर केला. घंटा गाळली, झांजा गाळल्या, टाळ्या गाळल्या आणि राहिले फक्त आम्हा घरच्यांचे गळे. झांजा कशासाठी असतात ते त्या रेकॉर्डिंगवरून कळलं. कोचीच्या मुलाने काळजीने विचारलं होतं, घरी सगळं ठीक आहे ना?

याच काळात बायकोने हेडसेट तिच्या ऑनलाइन गाण्याच्या क्लासला नेला. तिच्या बाई पुण्याला असतात. तंबोरा सलग एकसुरी वाजतो, म्हणजे यंत्राच्या लेखी तो पंखाच. त्याने तंबोरा उपटून टाकला. बाईंना नुसता निराधार षड्ज ऐकू येत राहिला, आणि त्या तिकडून सांगत राहिल्या, “आधी तंबोरा लावा हो!” कोविडच्या काळात गाणं शिकणाऱ्यांना हा धडा आधीच मिळाला आहे. झूमवरची ‘ओरिजिनल साउंड’ नावाची सोय चालू केली की यंत्र हात आखडता घेतं, हे तेव्हाच्या कितीतरी गुरुजींना रागांच्या बरोबरीने शिकवावं लागलं. उलट दिशेनेही गोंधळच. गेमिंगच्या हेडसेटमध्ये स्फोट दणदणीत वाजावेत म्हणून खालचे स्वर फुगवलेले. बाईंकडच्या तबलजीने डग्ग्यावर साधी थाप मारली तरी बायको दचकून मागे बघायची. तिचा निकाल: “याच्यावर विलंबित ऐकणं म्हणजे दिवाळीत ध्यानाला बसणं.” तोच हेडसेट, तोच दिवस, आणि मुलाचा निकाल दहापैकी नऊ.

धाकटा पुतण्या बीजीएमआयवाला. त्या गेमची सुरुवात विमानातून उडी मारण्याने होते. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून खरी विमानं उडायला लागली आहेत, आणि उलव्याला राहणारा हा पुतण्या आता हेडसेटचा एक कान वर उचलून, कुठल्या विमानातून उडी मारायची ते आधी नक्की करतो. त्याने गुण दिले नाहीत. त्याच्या मते परीक्षणात अजून विदा यायचा आहे. ही भाषा त्याने माझ्याच पेपरातून उचलली.

शेवटी निर्णय संघाने घ्यायचा ठरला, कारण माइकचं गिऱ्हाईक तेच. मुलाने काही सामने जुन्या, पापुद्रे निघालेल्या हेडसेटवर खेळले आणि काही नव्यावर. जुन्याला सप्रेशन वगैरे काही नाही, जे घरात तेच चार गावांत. नव्यावर त्याचा आवाज आकाशवाणीच्या निवेदकासारखा स्वच्छ, मागे चिटपाखरू नाही. मी तर निकाल धरूनच चाललो होतो. चौघांनीही जुन्याला मत दिलं.

कारण कॅप्टनने, म्हणजे गुवाहाटीच्या मुलाने, सविस्तर सांगितलं. व्हॅलोरंटची एक फेरी शंभर सेकंदांची, सामना मध्ये थांबवता येत नाही, आणि आमच्याकडे जेवणाची हाक आली की चिरंजीवांना उठावंच लागतं. जुन्या हेडसेटवर कुकर ऐकू यायचा. पहिल्या शिट्टीला कॅप्टन सावध व्हायचा, दुसरीला डावपेच आखायचा आणि तिसरीनंतर सगळे मिळून हल्ला करायचे, कारण पाचवा गडी आता फार तर दोन फेऱ्या टिकणार हे चौघांनाही माहीत असायचं. नव्या हेडसेटने शिट्ट्या गाळल्या. त्यामुळे थेट आईची हाकच यायची, तीही दारात उभं राहून मारलेली, आणि पुढच्या क्षणी यांचा शिपाई भिंतीकडे तोंड करून पुतळा झालेला असायचा. असे दोन सामने गेले.

हेडसेट परत करायची मुदत उलटून गेली होती, तेव्हा तडजोड झाली. नवाच वापरायचा. फक्त वरणभाताच्या दिवशी नॉइज सप्रेशन बंद. सोमवारी कॅप्टनचा मेसेज येतो: या आठवड्याचा मेनू पाठव.